दुसरा ट्रे

तुम्ही खोटं बोललात, साहेब. कुणी म्हणेल खोटं नाही, अर्धं बोललात. पण भरल्या हॉलमध्ये, गळ्यात हार घालून, माइकसमोर उभं राहून जो अर्धं बोलतो तो खोटारड्यापेक्षा वाईट. खोटं निदान पकडता येतं. अर्धं लोक विश्वासाने घरी नेतात, दुधात कालवतात आणि आजाऱ्याच्या तोंडाला लावतात.

मोरीतल्या दगडाशी उकिडवी बसलेली आयडा हे मोठ्याने बोलत नव्हती. ओठसुद्धा हलत नव्हते तिचे. हातात धुण्याच्या साबणाचा तुकडा होता. दगडावर बेसिलची चादर पसरली होती. बेसिल, तिचा धाकटा भाऊ, मागच्या महिन्यात गेला तो याच चादरीवरून उचलून इस्पितळात नेला, आणि परत आणला तो दुसऱ्याच कापडात. आईने ही चादर धुवू दिली नव्हती. घडी करून ट्रंकेत ठेवली होती. काल त्याच्या महिन्याचा मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, झाला, आणि आज सकाळी आईनेच ती बाहेर काढून आयडाच्या पुढ्यात टाकली. उशाकडच्या डागावर आयडाने साबण फिरवला, आणि साबण फिरला त्या वाटेने पिवळ्याचं लालभडक होत गेलं. रक्त? मग लगेच स्वतःचाच राग आला. हळद होती ती. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? लग्नाच्या हळदीचे कपडे धुणाऱ्या पोरीबाळीही जाणतात. दुधाचा पेला बेसिलच्या हातून हिंदकळायचा, तो हा डाग. तिने चादर सरकवली, मधला भाग वर घेतला. शेवटी शेवटी बेसिलला उठवत नव्हतं, लघवी अंथरुणातच व्हायची, ते डाग इथे होते. मोठे, गर्द कडांचे, पिवळे. तिने साबण घासला. फेस आला. पुन्हा घासला, जोर लावून, दगडाला घासून बोटाचं साल निघेपर्यंत. फेस पिवळा झाला, पण लाल काही झालं नाही. ती थांबली. उशाकडे पाहिलं: लाल. मध्ये पाहिलं: पिवळं. एकाच चादरीवर हातभर अंतराने दोन पिवळे शेजारी झोपले होते, आणि त्यातला एक हळदीचा नव्हताच. कधीच नव्हता.

"झाली का गो चादर?" आत पाट्यावर वरवंटा फिरत होता तो थांबवून आईने विचारलं. "धू नि वाळव लवकर. मालनला घालायला देऊ. तिच्या खोलीत नुसती सतरंजी हाय, पोटुशी बाई, कुशीवर तरी कशी निजेल." वरवंटा पुन्हा सुरू झाला. मालन त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. कोकणातली, नवरा इथेच मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंगला. सातवा महिना भरत आलेला, आणि परवापासून तिचे डोळे पिवळे. आई तिच्यासाठीच ओली हळद वाटत होती. बेसिलला हळद कमी पडली, हेच तिने मनाशी धरलं होतं.

साहेबांच्या भाषणाच्या संध्याकाळी, बेसिल आजारी पडायच्या आधी, हॉलमध्ये आईच पहिल्या रांगेत बसली होती. चर्चमागचा हॉल, पावसाळ्यानंतर भिंतींना आलेला ओलीचा वास, पंखे मोठे आणि वारा थोडा. गावठाणात कावीळ फिरत होती, नळाला गटाराचं पाणी मिसळतं असं लोक म्हणत होते, म्हणून पाद्रींनी कुणीतरी जाणता बोलवायचं ठरवलं, आणि आयडा काम करायची त्या संशोधन संस्थेच्या साहेबांचं नाव निघालं. गावाला केवढा अभिमान! आपल्या सेराफिनाच्या आयडाचे साहेब! आयडा स्लाइडचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून आली होती, प्रोजेक्टरची वायर तिनेच जोडली. भिंतीवर दोन अंडी उमटली, प्रकाशावर धरलेली. डाव्या अंड्यात लाल शिरांचं जाळं, मध्ये पिल्लाचा काळा ठिपका, जिवंत. उजव्यात नुसता गढूळ अंधार. "दोन्ही अंड्यांत रोगाचा विषाणू घातला," साहेब म्हणाले, "फरक एवढाच, की डाव्या अंड्यात आम्ही हळदीचा अर्क घातला होता." हॉलमधून उसासा निघाला. मग साहेबांनी खिशातून हळकुंड काढून वर धरलं, पाद्री मिस्सात प्रसादाची ओस्ती वर धरतात तसं, आणि म्हणाले, "औषध परदेशातून यायची वाट कसली बघता? तुम्ही उन्हाळ्यात मसाला कुटून काळ्या बाटल्यांत भरता ना? त्या बाटलीत आहे औषध!" म्हाताऱ्या हसल्या, टाळ्या पडल्या. तेव्हा आई उठली. पदर सावरत, सगळ्या हॉलच्या देखत, तिने विचारलं, "साहेब, कावीळपण त्या विषाणूनीच व्हते ना?" साहेब गोड हसले. "बरोबर ओळखलंत माई. कावीळही विषाणूचाच आजार." आणि खाली बसले. झालं. हळदीने कावीळ बरी होते असं ते म्हणालेच नाहीत. दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही खरी, आणि सांधा मारायचं काम लोकांवर सोडून दिलं. लोक सांधा मारतातच. सुताराच्या पोरापेक्षा पक्का मारतात.

आयडा रोज त्याच अंड्यांत जगायची, म्हणून तिला ती चित्रं वेगळी दिसत होती. संस्थेच्या काळोख्या खोलीत, कापसात मांडलेली अंडी एकेक करून ती भोकातून येणाऱ्या उजेडावर धरायची. कवचातून लाल कोळिष्टक दिसायचं, धाग्याला लटकल्यासारखा एक जीव हलायचा. सुईने बारीक भोक पाडायचं, विषाणू सोडायचा, मेण लावायचं, पेटीत उबेला ठेवायचं. विषाणूसुद्धा कसला, तर कोंबड्यांच्या मानमोडीचा. माणसाच्या काविळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि हळद तरी कुठली, पाण्यात न विरघळणारी! स्पिरिटात मुरवून, गाळून, तिचा थेंब सुईने अंड्याच्या पोटात घालावा लागायचा. पेल्याच्या तळाशी बसणाऱ्या हळदीचा आणि त्या थेंबाचा संबंध माडाच्या झाडाचा आणि खोबरेल तेलाच्या बाटलीचा असतो तेवढाच. पहिल्या ट्रेमध्ये अर्क आधी आणि विषाणू नंतर. ती अंडी बरीच वाचली, खोटं कशाला बोला, आयडाला तेव्हा आनंदच झाला होता. मग दुसरा ट्रे. त्यात विषाणू आधी, रोग रुजू द्यायचा, आणि मग अर्क. कारण माणूस आजारी पडल्यावरच औषध घेतो, पडायच्या आधी नाही. दुसरा ट्रे उजेडावर धरताना तिच्यासोबत गुणाजी होता. गुणाजी संस्थेतला जुना शिपाई, मालवणचा, अंडी उचलायला आणि टाकायला तोच. एक अंडं धरलं, काळं. दुसरं, काळं. सगळा ट्रे काळा. "आयडाबाय," गुणाजी हळूच म्हणाला होता, "पावसात भिजान इलेल्याक छत्री दिवन काय उपेग?" त्यावर दोघंही हसले होते. तेव्हा हसता येत होतं. अंडीच तर होती.

हॉलमधून परतताना रिक्षात तिने साहेबांना विचारलं होतं. तेवढं तरी तिने केलं होतं, आणि आज दगडाशी बसून तेच तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. "साहेब, दुसऱ्या ट्रेचं सांगायचं राहिलं." साहेबांनी हार काढून मांडीवर ठेवला. "आयडा, ही माणसं काय कॉन्फरन्सला आली होती? त्यांना धीर द्यायचा असतो. आकडे आणि अपवाद आपल्यासाठी." "तो अपवाद नव्हता साहेब. एक पिल्लू जगलं नाही त्यातलं." साहेब बाहेर बघत म्हणाले, "बरं, बघू पुढच्या वेळी." हारातला एक झेंडू गळून तिच्या चपलेपाशी पडला. तोही पिवळा.

पुढची वेळ आली ती आयडाच्याच घरी. बेसिल इस्टेटीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता, हातापायाने दणकट, जेवायला बसला की हंडी पुसून उठणारा. एका शनिवारी तो मासळीचं ताट तसंच ठेवून उठला. "वासच नको वाटतो गं." दोन दिवसांनी डोळे पिवळे. आयडाची आजी असती तर तिने जुनी रीत धरली असती. काविळीला तेल बंद, पिवळं बंद, हळद तर दारातसुद्धा नको, उसाचा रस आणि पेज. तीही रीत काही शास्त्र नव्हे. पण त्या रीतीत एक शहाणपण होतं, जे आयडाला आज साबण हातात असताना कळत होतं. पिवळं ताटात नसलं की अंगातलं पिवळं नीट दिसतं. आईने ती रीत मोडली. भोळेपणाने मोडली असं कुणी म्हणू नये. विचार करून मोडली, शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकून मोडली. सकाळ-संध्याकाळ पेला भरून हळदीचं दूध, मऊ भातावर हळद, कपाळाला नि पोटाला हळदीचा लेप. बेसिलचे तळवे पिवळे, नखं पिवळी, ओठांच्या कडा पिवळ्या, गंजी पिवळी. "बघ बाय," तो आयडाला म्हणाला, "पोरगी बघायच्या आधीच हळद लागली मला. आता मम्मा कुणाला तरी आणून बसव शेजारी, नायतर फुकट जाईल." आई हसली आणि अजून थोडी हळद लावली. आयडाही हसली होती का? हसली असणार. बेसिल बोलला की हसायलाच यायचं.

मग रंग गडद होत गेला, आणि भांडण तिथून सुरू झालं. "मम्मा, याचा रंग वाढतोय. इस्पितळात नेऊ." "हळद हाय ती." "डोळ्यांत कशी जाईल हळद?" "अंगातून वर येते. औषध अंगात भिनलं की रंग देणारच. त्याची लघवी बघ, कशी पिवळीजर्द. सगळी हळद बाहेर पडते, रोग घेऊन बाहेर पडते." "मम्मा, मी त्या लॅबमध्ये काम करते! आजार झाल्यावर हळद दिली तर काही होत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय, सगळी अंडी मेली." आईने तिच्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी खोटं बोलल्यावर पाहायची. "म्हंजे तुझे साहेब पाद्रींच्या समोर खोटं बोलले? एवढा मोठा माणूस? आन तू खरी? तू अंडी उचलतेस गो. साहेब सांगतात तशी उचलतेस." पहिल्या ट्रेची दोन अंडी भिंतीवर साऱ्या गावाने पाहिली होती. दुसरा ट्रे फक्त तिने आणि गुणाजीने पाहिला होता, आणि गुणाजीने तो भट्टीत टाकला होता. आणि बेसिलच तिला म्हणाला, "राहू दे ना यार बाय. तिला बरं वाटतंय. दूधच तर आहे." तो दिवसा झोपू लागला होता आणि अंधार पडला की टक्क जागा. आई म्हणाली, झोप लागते म्हणजे उतार आहे. हात पुढे केला की बोटं पाखराच्या पंखासारखी फडफडायची. आई म्हणाली, अशक्तपणा. मग एका दुपारी त्याने आयडालाच विचारलं, "तुम्ही कोण?" तेव्हा कुठे त्यांनी रिक्षा आणली. इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, त्याने पापणी वर करून पाहिलं आणि म्हणाला, "इतका पिवळा होईपर्यंत घरी का ठेवलात?" आई म्हणाली, "आम्हाला वाटलं हळद हाय." डॉक्टरला ते कळलंच नाही. त्याने पुन्हा विचारलं, आईने पुन्हा तेच सांगितलं. त्याला वाटलं बाई भ्रमिष्ट झाली. नंतर, सगळं संपल्यावर, आयडाने त्याला गाठून विचारलं, आधी आणला असता तर? तो प्रामाणिक निघाला. "सांगता येत नाही. काविळीला आमच्याकडेही औषध नाही. पण लक्ष ठेवता आलं असतं. मेंदूवर जायच्या आधी थोडं काही करता आलं असतं. कदाचित." त्या 'कदाचित'वर आयडा महिनाभर झोपत होती. किंवा झोपत नव्हती.

हळदीने मारलं नाही त्याला. हे ती स्वतःला बजावत होती, कारण रागात माणूस काहीही बोलतो आणि मग समोरच्याला सुटायला वाट मिळते. हळद बिचारी. कुणास ठाऊक, आणखी काही वर्षांनी तिच्यातूनच कुणी खरंखुरं औषध काढेल. आयडाच्याच हातून पुन्हा ट्रे भरले जातील आणि ती भरेलही. हळदीने फक्त पडदा टाकला. रोगाची सगळ्यांना कळणारी खूण एकच, तो पिवळा रंग, आणि तीच खूण त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून टाकली. बरं होतंय असं वाटायला लावणारा रंग आणि मरतोय असं सांगणारा रंग, दोन्ही एकच. फरक करायला साबणाचा एक तुकडा पुरला असता. पाच पैशांचा. आणि तो महिनाभर आधी, मोरीच्या कोनाड्यात, इथेच पडलेला होता.

"काय गो, किती वेळ?" आई वाटलेली हळद वाटीत भरून मोरीच्या उंबऱ्याशी आली. कोपरापर्यंत हात पिवळे. "मम्मा, इकडे बघ." "काय बघू?" "इथे. उशाशी. हे लाल झालंय ते तुझं दूध." आईने मान हलवली, हळद लाल होते यात काय नवल. "आता हे बघ. हे मधलं. साबण लावलाय." आई वाकली. मग तिने वाटी खाली ठेवली आणि स्वतः साबण घेतला. आयडाच्या हातावर तिचा विश्वास नव्हता. तिने डाग ओला केला, घासला, पाणी मारलं, पुन्हा घासला. पदर पाण्यात पडला तरी तिचं लक्ष नव्हतं. फेसाखालून पिवळंच वर येत राहिलं. बाहेर इस्टेटीचा भोंगा झाला, पाळी सुटल्याचा, याच भोंग्यावर ती बेसिलचा चहा ठेवायची. मग तिने इतक्या बारीक आवाजात विचारलं की आयडाला आधी वाटलं नळच गळतोय. "मग बाहेर काय पडत होतं गो?" आयडाला सांगावंच लागलं. "कावीळ होती ती, मम्मा. हळद नव्हतीच त्यात. एक थेंबही नव्हती." आईने आपले हात पाहिले. साबणाने दोन्ही तळवे लाल झाले होते, बोटांच्या पेरापेरांत लाल उतरला होता. तिने ते धुतले नाहीत. तशीच उठली, अंगण ओलांडून मागच्या खोलीकडे गेली, आणि लाल तळव्याने मालनचं दार बडवायला लागली. "मालन! ए मालन! ऊठ गो पोरी. इस्पितळात जायचंय. आत्ता. दूध नको पिऊस, ओत ते मोरीत!" आतून मालनचा घाबरा आवाज आला, "काय झालं मावशी? तुमच्या हातांना काय लागलं?" मालनला पायात चप्पलसुद्धा नीट घालू न देता आईने रिक्षात बसवलं. मालनचं काय होईल ते इस्पितळातही कुणी छातीठोक सांगितलं नाही. पण डॉक्टरने तिच्या पापण्या वर करून पाहिल्या तेव्हा त्याला पिवळा तेवढाच दिसला जेवढा खरा होता.

आयडाही सोबत होती; इस्पितळातूनच ती संस्थेत गेली. ओली चादर पिळून पिशवीत, साबणाचा तुकडा खिशात. दाराशी गुणाजीने पाहिलं, "आयडाबाय, काय गो ह्या?" म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून बाजूला झाला. साहेब केबिनमध्ये होते. उठले, खुर्ची दाखवली, बेसिलबद्दल दोन चांगली वाक्यं बोलले. साहेब माणूस वाईट नव्हते, हेच तर कठीण होतं. मग म्हणाले, "बरं झालं आलीस. मुलुंडला व्याख्यान आहे, मोठा हॉल आहे. तीच दोन अंड्यांची स्लाइड लागेल, जरा स्वच्छ करून ठेव." आयडा बसली नाही. तिने टेबलावरच्या काचेवर चादर पसरली, फोनवर, कागदांवर, पेनस्टँडवर. साहेबांच्या पेल्यातलं पाणी घेतलं, उशाकडचा डाग ओला केला, साबण घासला. लाल. मग मधला. पिवळा. साहेब शास्त्रज्ञ होते, त्यांना समजायला डॉक्टरएवढा वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरलेला तिने पाहिला. तरी ते म्हणालेच, "आयडा, हळदीने कावीळ बरी होते असं मी कधी म्हटलं होतं का?"

"नाही म्हटलंत. आणि होत नाही, असंही नाही म्हटलंत. माझी आई उभी राहून विचारत होती तेव्हा हसलात. आता मुलुंडलाही कुणाची तरी आई उठेल. म्हणून मी साधं विचारते, साहेब, आणि स्लाइड पुसायच्या आधी मला उत्तर पाहिजे. ह्या चादरीवर दोन पिवळे आहेत. त्यातला तुमच्या भाषणाचा कुठला, आणि माझ्या भावाचा कुठला? बोट ठेवा त्यावर. आणि दुसरा ट्रे मुलुंडला येणार का नाही? बोला. मी इथेच उभी आहे."